चपलेने लावलेला नंबर

आखाजीच्या आधीचा शेवटचा रविवार. हजर: सासूबाई, आमचे हे आणि मी. गैरहजर: सासूबाईंच्या चपला. त्या पहाटेच डोळ्यांच्या दवाखान्यात पोचल्या होत्या.

डॉक्टर इंदूरहून एखाद्या रविवारी येतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात. फोनवर नाव घेत नाहीत. सकाळी उजाडायच्या आत येऊन ओट्यावर आपली चप्पल रांगेत ठेवायची, घरी जाऊन चहा घ्यायचा आणि दवाखाना उघडला की यायचं. चप्पल जिथे, तिथे तुमचा नंबर. ह्यांनी स्वतःची जुनी जोडी नेली असती तरी चाललं असतं. पण पेशंट आई, तर चप्पलही आईचीच हवी, असा त्यांचा हिशेब. सासूबाईंना तेवढी एकच जोडी. त्यामुळे दवाखान्यात जाताना त्या माझ्या सॅंडलमध्ये निघाल्या आणि रस्ताभर बोलत राहिल्या.

“एवढी टाच कशाला लागते वं तुला? शाळेत शिकवायला जाते की झाडावरून बोरं काढायला?”

माझं माहेर नाशिकचं. नंबर हा शब्द तिकडेही होता, पण बऱ्हाणपुरात त्याला जास्त कामं आहेत. लग्न होऊन आले तेव्हा शेजारणीने विचारलं, “तुम्हाला बारावीत किती नंबर आले?” मी म्हटलं, “दुसरा.” ती बराच वेळ माझ्याकडे दयेने बघत राहिली. इथे मार्कांना नंबर म्हणतात, हे मला नंतर कळलं. दापोऱ्याचे दीर फोनवर “आपला नंबर परवा” म्हणाले, की समजायचं, केळी कापणारी टोळी परवा शेतात येणार. माझ्या वर्गातला एक मुलगा करंगळी दाखवून एक नंबरला जातो आणि परत येऊन मित्राच्या डब्यातली शेवभाजीही एक नंबर म्हणून खातो. त्याला यात काही अडचण वाटत नाही. पाण्याच्या टँकरला नंबर, हिशेबाबाहेरच्या कामाला दोन नंबर. सासूबाई तर गेले वर्षभर म्हणत होत्या, “वरचा नंबर लागायच्या आधी माझ्या चष्म्याचा लागू द्या.”

घाई आखाजीची होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरी येतात आणि सासूबाई खापरावरचे मांडे करतात. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापतं, पुरण भरलेली पोळी त्या दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करतात आणि अलगद खापरावर सोडतात. होळीला त्यांचा पदर चुलीला लागला. कडच तेवढी करपली, पण त्यांना ते दिसलं नाही, वासाने मला कळलं. तेव्हा मी सांगून टाकलं: डॉक्टर हो म्हणेपर्यंत चुलीपाशी बसायचं नाही. त्यांनी वाद घातला नाही. फक्त खापर धुऊन, पुसून, अंगणात माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवलं. ते महिनाभर तिथेच होतं.

दवाखान्यात पोचलो. हे गाडी लावायला गेले, मी कागद दाखवायला आत गेले. ओट्याची फरशी तापायला लागली होती. बाहेर आले, तर सासूबाई समोरच्या लिंबाखाली आरामात बसलेल्या. माझे सॅंडल शेजारी आणि पायात त्यांच्या स्वतःच्या चपला.

“आई, या कुठून आणल्या?”

“तिथे पडल्या होत्या की. पाय घातला, आपल्या निघाल्या. नजर गेली म्हणून पायाला ओळख नाही का?”

ओट्यावर रांग पुढे सरकून मधली मोकळी जागा बुजली होती. त्यांच्या जागी आता कोणाचे तरी मोठे जोडे होते. जोड्यांचे मालक तुकईथडहून आलेले, डोक्याला टोपी, हातात औषधाची पिशवी.

“चप्पल उठली की नंबर उठला,” ते म्हणाले. “हा कायदा आहे, बाई.”

“कायदा कोणी केला?” सासूबाई लिंबाखालूनच म्हणाल्या. “मोतीबिंदू मला झालाय की चपलेला?”

“ते डॉक्टर सांगतील.”

“मग चपलेलाच आत पाठवते, भाऊ. तिला विचारा वरची ओळ वाचता येते का.”

रांगेतले लोक हसले, टोपीवालेही हसले, पण जोडे काही हलले नाहीत. कंपाउंडर दारात येऊन म्हणाला, “अम्मा, लाईन में सबसे पीछे रख दो.” हे तोवर आले. काय झालं ते ऐकलं आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं. रांगेच्या शेवटी चप्पल ठेवली, तर नंबर यायच्या आधीच डॉक्टरांची गाडी सुटणार होती. पुढची त्यांची खेप आखाजीनंतर.

सासूबाईंची थट्टा तिथे थांबली. चपला काढून त्या रांगेच्या टोकाला ठेवायला निघाल्या, तेव्हा रांगेत पुढे बसलेल्या एका बाईने विचारलं, “एवढं आजच कशाला, मावशी?”

“मांडे करायचे आहेत.”

“खापरावरचे? हातावरचे?”

“मग काय पोळपाटावरचे?”

बाई जवळ सरकली. दापोऱ्याची होती. तिचे मांडे खापरावर टाकताना फाटायचे. सासूबाईंनी तिचे हात ओढून स्वतःच्या पुढ्यात घेतले, कोपर कुठे ठेवायचं, मनगट कधी वळवायचं, हे हवेतच करून दाखवलं. “कणीक सैल ठेव. घट्ट कणकेला माहेर आठवत नाही, ती जागची हलत नाही.” आजूबाजूच्या बायकाही हात हवेत फिरवून बघू लागल्या. कंपाउंडर बघतच राहिला.

बाई उठली. “मला थेंबच लिहून घ्यायचे आहेत, ते तर हा कंपाउंडरही देतो.” तिने आपली चप्पल उचलून शेवटी नेली आणि तिच्या जागी सासूबाईंची ठेवली. टोपीवाले म्हणाले, “अदलाबदल चालते. कायद्यात आहे.”

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला नवा चष्मा दिला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन करावंच लागणार होतं. मी चुलीचं विचारलं. मांडे म्हणजे काय ते त्यांना सासूबाईंनी हाताने दाखवलं, टेबलावरचा टॉर्च पडता पडता वाचला. “चश्मा लगाके, पल्लू खोंसके, और कोई पास में बैठा रहे,” ते म्हणाले. “लेकिन बायीं आँख टालना मत, माताजी.” शेवटचं वाक्य सासूबाईंना ऐकू आलं नाही. त्यांचे कान चांगले आहेत.

आखाजीला मी बादलीभर पाणी घेऊन शेजारी बसले. पहिला मांडा कडेला जाड झाला, तो त्यांनी माझ्या ताटात टाकला. पुढचे असे पातळ, की आतलं पुरण बाहेरून दिसत होतं. नणंदा खात होत्या आणि आईच्या चष्म्यावरच्या पिठाला हसत होत्या. चष्म्यामागून सासूबाई प्रत्येकीचं तोंड नीट, सावकाश बघत होत्या.

त्याला आता तीन महिने झाले. इंदूरच्या हॉस्पिटलचा फोन फ्रिजवर लिहिलेला आहे. विषय काढला की त्या म्हणतात, “मांडे झाले ना? मग दिसतं मला.” ह्यांचं म्हणणं, मी सांगितलं तर त्या ऐकतील. माझं म्हणणं, मुलाने सांगावं. डाव्या डोळ्याची तारीख अजून घ्यायची आहे.