उजळ मुंग्या, सावळ्या मुंग्या

ह्यांच्या मुंग्या इथल्या नव्हत्या. दक्षिण अमेरिकेतून वाळलेल्या, डबीत बंद होऊन यायच्या. जमिनीखाली बुरशीची शेती करणाऱ्या, तिळाहून बारीक. त्यातल्या दोन जाती इतक्या सारख्या, की त्या वेगळ्या ओळखण्यातच ह्यांची सगळी नोकरी सरली.

लग्न होऊन पुण्याहून वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात आले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायची. एकदा हे टेबलावर दोन बशांत दोन जाती वेगळ्या करून बाहेर गेले. मी आमटीला लाल मिरचीची फोडणी दिली, धुराचा अलार्म कोकलायला लागला, म्हणून खिडकी सताड उघडली. वेलिंग्टनचा वारा तो. मुंग्या सगळ्या कार्पेटवर.

चिमट्याने एकेक वेचली. मग ह्या हुशार बाईसाहेबांनी वाटणी केली, आमच्या मावश्या मुली बघायला जाऊन करायच्या तशी: उजळ ह्या बशीत, सावळ्या त्या. आणि संध्याकाळी ह्यांनाच विचारलं, आमटी कशी झालीय. छान म्हणाले.

चाळीस वर्षं पोटात ठेवलं. आता ह्यांचं विसरणं वाढलंय. आधी औषधं विसरले, मग नातीचं नाव, मग मला. कामाला येणारी बाई समजून मला अहो-जाहो करतात. अधूनमधून ओळखतात, पण तेही कमी होत चाललंय. ते संपायच्या आत मला कबूल करायचं होतं.

परवा सकाळी हे मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते, चेहरा निवांत होता. म्हटलं, "अहो, मी एकदा तुमच्या मुंग्या रंगावरून लावल्या होत्या."

त्यांनी मान वर केली नाही. "रंगावर काय जाता, बाई? कोवळी मुंगी फिकीच असते. डोळ्यामागची कड बघायची. एकीची पार मागे पोचते, दुसरीची मध्येच संपते." मग म्हणाले, "आमच्या हिनंही असंच केलं होतं. मी परत लावल्या. बोललो नाही. नवीन आली होती, बाथरूममध्ये नळ सोडून रडायची."

आणि मला वाटायचं, नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही.

मी विचारलं, ती कुठे असते आता.

"येईलच. तेवढी खिडकी लावा, ह्या उडतील."

खिडकी बंदच होती. मी उठून पुन्हा लावली.