मशीनची दुसरी मूठ

माझे यजमान आणि धाकटे दीर मिळून कुंपणाचं काम करत. कुणाचा प्लॉट, कुणाची पेरूची बाग. खांब रोवायचे आणि जाळी ओढायची. एक जण पहारेने, म्हणजे इकडच्या सब्बलने, खड्डा खणायचा, दुसरा माती उपसायचा. यजमान गेले आणि दिरांनी पहार उचललीच नाही. इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागातल्या आमच्या घरात ते दिवसभर टीव्हीसमोर बसत, टीव्ही बंद असला तरी. असंच चाललं तर हा धंदा संपला, असं माझी जाऊ म्हणे. शेवटी आम्ही दोघींनी मागे लागून त्यांना खड्डे करायचं पेट्रोलचं मशीन घ्यायला लावलं.

ते दोघांनी धरायचं होतं. पहिलंच काम भंवरकुआंच्या पुढे एका प्लॉटवर निघालं आणि ठरलेला मजूर आलाच नाही. शिकवणं संपवून मी शाळेतून परस्पर त्यांचा डबा घेऊन गेले, तेव्हा दीर मशीन परत गाडीत चढवत होते. आज भाऊजी असेच घरी परतले तर पुन्हा निघणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी पदर खोचला.

"भाऊजी, दुसरी मूठ मी धरते."

"वहिनी, हे काय बायकांचं काम आहे का?"

"काम मशीनचं आहे. आपण नुसतं धरायचं."

काळी माती भराभर उसळून वर येऊ लागली. दोघा भावांचा घामटा काढणारा खड्डा बोलता बोलता होत होता. मला मजा वाटायला लागली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

प्रत्येक खड्डा झाला की दीर मूठ सोडून माझ्या बाजूला येत. मी तिथेच उभी. ते गोंधळून परत जात. एकदा तर मला धडकलेच. सावलीत खुर्ची टाकून बसलेला प्लॉटमालक हसला.

"भिया, गरबा खेल रहे हो क्या?"

मीही हसले. म्हटलं, "भाऊजी, मशीनला दोन्ही बाजू सारख्याच."

"आदत आहे, वहिनी. दर खड्ड्याला दादा बाजू बदलायला लावायचा. एकानेच सब्बल मारत राहायचं नाही म्हणायचा."

हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. संध्याकाळी दोघं सारखेच थकून येत आणि मी पुस्तकातून मान वर न करता, पाणी तापलंय, एवढंच सांगत असे.

मालक म्हणाला, "मशीन पहले ले लेते, तो बड़े भिया को इतना खटना नहीं पड़ता। क्यों भाभीजी?"

"सही कह रहे हैं," मी म्हणाले. अजून हसू ओसरलं नव्हतं.

दिरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. इंजिनाची दोरी ओढली. बोललेलं खोटं असतं तर परत घेता आलं असतं. पण ते खरं होतं, आणि दोघा भावांचं इतक्या वर्षांचं खटणं फुकट ठरवणारं ते मी त्यांच्यासमोर, परक्या माणसाच्या खुर्चीकडे बघून, हसत बोलले होते.

पुढचा खड्डा झाल्यावर मीच मूठ सोडून त्यांच्या बाजूला गेले. ते जागचे हलले नाहीत.

"राहू द्या, वहिनी. सारखंच आहे."

दिवस मावळायच्या आत काम झालं. दीर आता रोज बाहेर पडतात. जाऊ त्याचं श्रेय मला देते, आणि मी ते नाकारत नाही. मागच्या आठवड्यात ते दोन मुठींचं मशीन बदल्यात देऊन त्यांनी एकट्याने चालवायचं छोटं मशीन आणलं.

"बरं झालं," जाऊ म्हणाली, "आता कुणाची वाट बघायला नको."

दीर चप्पल घालत होते. मीही म्हटलं, बरं झालं.