धुऱ्यावरच्या मोहाच्या बिया

रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. मला बायकोने जंगलात नेलं. दर रविवारी आमची स्कूटर अमरावतीतून निघायची, कधी पोहऱ्याकडे, तर कधी मोर्शीच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला. तीस वर्षं मी कृषी सहायक होतो. कापूस, तूर, सोयाबीन सोडलं तर आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे मला तिथे समजलं. ही मात्र सालईच्या खोडाला हात चोळून वास घ्यायची, धावड्याचा डिंक काढून माझ्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "अन् म्हणे सायेब होते!" मी चिडायचो. पण खरं सांगतो, तेवढा आनंद मला सगळ्या नोकरीत झाला नव्हता. गाड्यांचे भोंगे कानातून जायलाच अर्धा तास लागायचा, मग पाखरं ऐकू यायची.

तिचं माहेर तिकडेच, डोंगराला लागून. आईवडील गेले, भावांनी शेत विकलं, घर विकलं आणि ते पुण्याला निघून गेले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक जुना मोह तेवढा राहिला. त्या शिवारात दुसरा मोहच नव्हता. शेत घेणाऱ्याला तिथे संत्रा लावायचा होता, त्याला सावली नको होती. त्याने आधी फोन करून सांगितलं, हा त्याचा चांगुलपणा. "आत्या, दिवाळीनंतर तोडतो जी." गावच्या लेकीला तिकडे सगळं गाव आत्याच म्हणतं. ही दोन दिवस धड जेवली नाही. मग म्हणाली, "मले त्याच मोहाचं रोप पायजे. दुसऱ्याचं नाई."

जून संपता संपता गेलो. झाडाखाली पिकल्या फळांचा सडा पडला होता. वटवाघळांनी निम्मी चावून टाकलेली. तसली उष्टी मी तिला उचलू दिली नाहीत. ती म्हणाली, "घरी गेल्याबरोबर लावून टाकू. माती वली हाये."

"बियाणं मला शिकवू नको. तू हात लावू नको," मी म्हणालो.

बी आधी वाळवायचं, राखेत घोळायचं, मडक्यात ठेवायचं आणि पुढच्या मिरगाला काढायचं, हेच मी जन्मभर गावोगाव सांगत आलो होतो. गच्चीवर उघडीप बघून मी बिया कडकडीत वाळवल्या. मडक्याचं तोंड फडक्याने बांधलं आणि वर्षभर त्याला कुणाला शिवू दिलं नाही. दिवाळीनंतर मोह पडल्याचा फोन आला, तेव्हा मी मडक्याकडे बोट दाखवून तिला म्हणालो, "काळजी कशाला करतेस? इथे अख्खं रान आहे."

मिरगाला दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून बिया लावल्या. पंधरा दिवस गेले, महिना गेला. शेवटी मी एक पिशवी फोडली. बी आतून काळं, पोकळ. दुसरी फोडली, तीही तशीच. ओळखीच्या नर्सरीवाल्याला विचारलं तर तो हसला. "साहेब, मोहाची बी महिनाभरात मरते. पडली की लावायची असते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन हिला सांगितलं. ही पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

श्रावणात मीच म्हणालो, चल, जाऊन बघू, बुंध्याला फुटवा आला असेल. कसला फुटवा! जेसीबीने बुंधाही काढला होता. संत्र्याची कलमं ओळीत उभी होती. ही जरा वेळ तिथे थांबली, डोळे पुसले आणि तोंड धुवायला नाल्याकडे उतरली.

"अवो! इकडं या! लवकर या!"

साप असेल म्हणून मी धडपडत धावलो. नाल्याकाठच्या उंबराखाली ती उकिडवी बसली होती. समोर पाचसहा रोपं, वीतभर उंचीची, कोवळी पानं तांबूस. "मोह हाये," ती म्हणाली. "आपलाच हाये."

गेल्या वर्षी झाड उभं होतं तेव्हाच वटवाघळांनी फळं इथे आणली, उंबराला लटकून खाल्ली, बिया खाली टाकल्या. ओल्या मातीत, ताज्या ताज्या. ना राख, ना मडकं. बाप्पा, तीस वर्षांची माझी नोकरी त्या वटवाघळांनी उष्ट्यात काढली! मला हसूही आलं आणि रडूही.

मी पळत जाऊन शेतवाल्याकडून कुदळ आणली. दोन रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढू, घरामागे लावू, असं म्हणत कुदळ उचलली.

"तुमी हात नोका लावू," ती म्हणाली.

"अगं, सोटमूळ तुटू देणार नाही. सांभाळून काढतो."

"मुळाचं नाई मनून राहिली मी." तिने पदराने रोपाच्या पानावरचा चिखल पुसला. "आता अठी गावात माह्यं कोण हाये? हे घरी नेलं, त मंग मी इथं कायले येऊ?"

मी कुदळ खाली ठेवली आणि रोपांभोवती लावायला बाभळीच्या काट्या तोडायला गेलो.