दाजींचा खोकला

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान टीव्हीवर खोकले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तो खोकला खोटा होता, असं वडवणीत आणि त्यांच्या गावी, युसूफ वडगावात, अजूनही काही म्हातारी माणसं सांगतात. तसं लिहून देणारा मी होतो.

वडवणीत माझं बिडी-तंबाखूचं दुकान होतं. गावात नुकती केबल आली होती. केबलवाला रोज संध्याकाळी स्वतःच्या व्हीसीआरवर सिनेमा लावायचा आणि मधे साड्यांच्या दुकानांच्या पाट्या दाखवायचा. एके दिवशी पाटीच्या जागी आमचे दाजी आले. खाटेवर बसून चांगले मिनिटभर खोकले आणि दम घेऊन म्हणाले, "तीस वर्सं बिडी वढली. आता नातवाला कडंवर घिऊन दोन पायऱ्या चढता येत न्हाईत. तुमी वढू नका."

बीडच्या एका सरकारी डॉक्टरांनी ती कॅसेट काढली होती आणि गावोगावच्या केबलवाल्यांना वाटली होती. दाजी त्यांचे पेशंट. दाजींनी मला आधी काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? तीस वर्षांची ती बिडी आमच्याच दुकानातली. बहिणीच्या नवऱ्याने बिडी विकत घ्यावी, हे आमच्या घराला शोभणारं नव्हतं. वडगावला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे मी दर आठवड्याला बंडलांचं पुडकं देत असे.

चार दिवसांत तालुक्यातल्या बिडी-तंबाखू दुकानदारांची बैठक माझ्या दुकानात भरली. अक्षर बरं म्हणून मी चिटणीस होतो. अध्यक्ष जर्द्याचे ठोक व्यापारी. ते तापलेच होते.

"ऐन जेवायच्या टायमाला खोकतो बे हा माणूस! माझ्या सुनंनं ताट सारलं."

"आन् खोकला तरी धड हाय का?" एक टपरीवाला म्हणाला. "ह्यो तर सर्दीचा. वला. बिडीचा खोकला असा ऱ्हातो व्हय?"

"न्हाईच. बिडीचा कोरडा ऱ्हातो. पाटंचा सुरू झाला की पाव घंटा थांबत न्हाई."

"आन् खालून येतो, बेंबीपासून. थांबा, दावतो." असं म्हणून अध्यक्षांनी दाखवायला सुरुवात केली आणि त्यांना थांबताच येईना. आम्ही पाणी दिलं, पाठ चोळली. डोळे पुसत ते म्हणाले, "ह्याला म्हन्त्यात खोकला. चिटणीस, लिवा."

मी लिहिलं. हरकत क्रमांक तीन: 'खरा बिडीचा खोकला कोरडा असून पहाटे सुरू होतो व पाव तास टिकतो. दाखविलेला खोकला ओला असल्याने त्याचा आमच्या धंद्याशी संबंध नाही.' सगळ्यांनी सह्या केल्या. आपण काय लिहून देतोय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. सगळेच या विषयातले जाणकार होते ना.

कॅसेट बंद करा, असा तो अर्ज घेऊन आम्ही बीडला गेलो. डॉक्टरांनी तो सावकाश वाचला. तिसऱ्या हरकतीवर थांबले, पुन्हा मोठ्याने वाचली आणि हसू आवरत म्हणाले, "याची एक प्रत मला द्या. दवाखान्याच्या भिंतीवर लावतो. इतकं नेमकं आमच्या पुस्तकातसुद्धा नाही."

आम्ही एसटीने परत निघालो. वडवणीचा स्टँड दिसला तेव्हा अध्यक्ष माझ्याकडे वळले. "चिटणीस, तो तुमचा दाजी हाय म्हनं? आन् जत्रंच्या नाटकात म्हाताऱ्याचं काम करतो त्यो त्योच का?"

तेच होते. जत्रेच्या नाटकात दाजी दरवर्षी खोकणाऱ्या म्हाताऱ्याचं काम करत आणि लोक त्या खोकल्याला वन्स मोअर देत. अध्यक्षांना एवढंच पुरे होतं. आणि मी, दुकानाच्या काळजीने म्हणा, चारचौघांच्या भिडेने म्हणा, दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला लिहून दिलं: 'सदर इसम नाटकात खोकण्याबद्दल प्रसिद्ध आहे. मी त्याचा सख्खा मेहुणा असून आमच्या घरात तो कधीही खोकलेला नाही.'

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. ज्यांची बिडी ओढतो त्यांच्या घरात खोकणं दाजींना अवघड वाटे. खोकला आला की ते "जरा बैल बघून येतो" म्हणून गोठ्यामागे जात. आमच्याकडे तेव्हा बैल नव्हतेच. भिंतीआडचा आवाज मला माजघरात ऐकू येई.

केबलवाल्याने कॅसेट बंद केली. पण तो स्वस्थ बसणारा नव्हता. तीन दिवस सिनेमाखाली त्याने पट्टी फिरवली: 'खोकला नाटकी असल्याचे मेहुण्याने लेखी कळविल्यामुळे जाहिरात बंद.' एसटीने ही बातमी वडगावला पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही.

तेव्हापासून दाजी पारावर बसून खोकले की कोणीतरी ओरडे, "वन्स मोअर!" दम लागून ते पायरीवर टेकले तर पोरं टाळ्या वाजवत. त्यांनी बिडी सोडली होती, पण तेही कोणी खरं धरेना. लोकांना वाटे, हेही त्या डॉक्टरांनी शिकवलेलं काम.

दुकान मी पुढे बंद केलं. मग एकदा धीर करून वडगावला गेलो आणि अक्काच्या देखत दाजींपुढे सगळं बोललो. दाजी म्हणाले, "मला ठावं हाय की. मला मेव्हणा येकच."

"मग कधी बोलला कावून न्हाईत?"

"तुमी बोलायची वाट बघत हुतो."

अक्का मात्र उसळली. "हितं चुलीम्होरं सांगून काय उपेग? वन्स मोअर हितं म्हन्त्यात का? उद्या पारावर चल आन् चारचौघांत सांग."

मी उद्या नक्की म्हणालो. सकाळी पहिल्या एसटीने वडवणीला निघून आलो.

दोन वर्षांनी दाजी गेले. दहाव्याला शेजारी बसलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "लई मोठा नट गेला बगा. शेवटापातुर खोकला सोडला न्हाई." मी मान डोलावली. समोर अक्का बसली होती, तिने ते पाहिलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आता तीही नाही.

पारावरची ती माणसं पाच-सात उरली असतील. त्यांच्यासाठी लिहितो. नाटकातला खोकला खोटा होता, कॅसेटमधला खरा होता. तो मी ऐकलेला होता, आणि बिडी माझी होती.