वरून दिलेले रीळ

धरमपेठेतल्या मुलींच्या शाळेत एक बाई होत्या. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. बाजारात त्या समोरून आल्या की मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो, आणि त्या मुद्दाम थांबून माझ्या तब्येतीची चौकशी करतात. इतकी वर्षे झाली, आता सोडून द्या, असे लोक सांगतात. लोकांचे काय जाते?

सत्तरचे दशक सरत आले होते. मी मूळचा काटोलकडचा. संत्र्यांच्या बाजारात दलालाच्या मागे उभा राहून भाव करायला शिकलो, नागपुरात फुटपाथवर बसून रेडिओ दुरुस्त केले आणि शेवटी धरमपेठेत स्वतःचे दुकान टाकले. रेडिओ, लाऊडस्पीकर, पंखे. या गावात मला फसवणारा अजून जन्मायचा होता, म्हणून त्याला मुंबईहून यावे लागले. तिथल्या एका व्यापाऱ्याने मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर माझ्या गळ्यात मारला. शाळा-कॉलेजांत याची आता रांग लागेल, म्हणाला. रांग कसली लागते. काही महिन्यांत काखेत मावणारी कॅसेटची यंत्रे आली आणि माझे ते धूड फळीवर बसून राहिले. लोक येत, आपला आवाज भरून घेत, हा माझा आवाजच नव्हे म्हणून माझ्याशीच भांडत आणि निघून जात. दिवाळी दीड-दोन महिन्यांवर आली होती. यंत्र विकले गेले नाही तर दुकानात नवा माल भरता येणार नव्हता.

अशा वेळी या बाई दुकानात आल्या. ठेंगणी मूर्ती, हातात छत्री, आवाज अगदी हळू. हळू बोलणारे गिऱ्हाईक मला कधी आवडले नाही. ते ऐकायला आपण वाकतो आणि वाकलो की भावही वाकतो. त्यांना वर्गात रेडिओवरच्या बातम्या भरून घ्यायच्या होत्या. मग तीच बातमी दोन वर्तमानपत्रांत कशी आली आहे ते मुलींनी ताडून बघायचे, असा त्यांचा बेत. मी म्हटले, बातमी ती बातमी, त्यात ताडायचे काय? त्या नुसत्या हसल्या आणि यंत्र महिनाभर वापरून बघायला मागितले. पटले तर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खरेदी करतील. मी तासभर हुज्जत घातली आणि हो म्हणालो. फळीवर तरी ते कोणती अंडी घालत होते?

निघताना त्यांनी वर एक रीळ मागितले. संत्री शेकड्याने घेतली की वरून चार-पाच फळे टाकायची, ही आमच्याकडची रीत. वरून टाकायची ती फळे मऊ पडलेलीच असतात. घेणाऱ्याने ती बघायची नसतात, हीसुद्धा रीतच. तेव्हा मी कोरे रीळ जागेवर राहू दिले आणि वापरलेले त्यांना दिले. पुसून त्यावरच भरा, असे सांगितलेही.

त्या रिळावर माझी दिवाळीची जाहिरात होती. काटोलचा एक शेतकरी आणि त्याची बायको, आमच्या दुकानातून रेडिओ नेल्यापासून घरात कसा आनंदीआनंद आहे ते सांगतात. शेतकरी मी, बायको माझीच बायको. बाहेरची माणसे आणली असती तर त्यांनी पैसे मागितले असते. सगळ्यात शेवटी जे नीट जमले ते मी कॅसेटवर उतरवून घेतले. रिक्षावर भोंगा बांधून ती कॅसेट धरमपेठभर फिरत होती, शाळेवरून तर रोज जात होती. पण नीट जमण्याआधीचे सगळे त्या रिळावर तसेच होते.

महिना भरत आला तसा शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला की मोठ्या बाईंनी वर्गात बोलावले आहे. मी इस्त्रीचा सदरा घातला. सौदा पक्का होणार म्हणून वाटेत भाव कुठपर्यंत खाली आणायचा तेही ठरवून टाकले.

वर्ग नववीचा होता. टेबलावर माझे यंत्र, मागच्या बाकावर मोठ्या बाई, आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिलेले: कोण बोलते आहे? कोणाच्या फायद्याचे बोलते आहे? काय गाळले आहे? बाईंनी मला खुर्ची दिली, मुलींना सांगितले की आज रस्त्यावरची जाहिरात तपासायची आहे आणि ती करणारे गृहस्थ स्वतः आले आहेत. मग त्यांनी बटण दाबले.

आधी माझाच आवाज आला. "काहून वं, असं रडल्यासारखं नको म्हणू. आनंदानं म्हण."

त्यावर बायको म्हणाली, "आनंद कुठून आणू? भाजी जळून राहिली चुलीवर."

"दुकानातून रेडिओ आणला अन् घराचं सोनं झालं. म्हण."

"मी कशाले खोटं बोलू? आपल्या घरचा रेडिओ तं टपली मारल्याबिगर बोलत नाही."

पुढे मी तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. नववीच्या मुलींनी मात्र ते ऐकले. बाकांवर डोकी टेकवून हसत होत्या. मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला होता. शेजाऱ्यांकडे ऐकू जाईल एवढ्याने मी नेहमीच बोलतो. पण असा खुर्चीत बसून स्वतःला ऐकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

बाईंनी यंत्र थांबवले आणि काही विचारायचे असेल तर विचारा म्हणाल्या. दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली.

"काका, तुम्ही काटोलचे शेतकरी आहात?"

"काटोलकडचाच आहे. बापाची शेती होती."

"मग रेडिओ कोणाकडून घेतला?"

"माझ्याकडूनच," मी म्हणालो.

"मग भाव कोणी केला?"

पुन्हा हशा. आता माझे डोके फिरले. मी उठलो. यंत्र उचलून चालू लागावे असे फार वाटले, पण ते एकट्याने उचलण्यासारखे नव्हते, आणि उचलून न्यायचे कुठे, तर पुन्हा फळीवर. समोर फळा होता. त्यावरचा तिसरा प्रश्न मी पुन्हा एकदा वाचला.

मी मुलींना विचारले, "या रिळावर शेवटी आम्ही दोघे अगदी नीट बोललो आहोत. ते तुम्हाला ऐकवलं का?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

"नाही ना? मग ते कोणी गाळलं? मी माझी फजिती गाळली, ती माझ्या फायद्यासाठी. तुमच्या बाईंनी तेवढी फजितीच ठेवली. ती कोणाच्या फायद्यासाठी?"

मुलींची डोकी बाईंकडे वळली. आता बाईंची पंचाईत होणार म्हणून मी मिशीवरून हात फिरवला. बाईंचा चेहरा मात्र वर्गातल्या एखाद्या मुलीला पहिले बक्षीस मिळाल्यासारखा फुलला. त्यांनी खडू घेतला, 'ते कोणी गाळलं?' हा माझा प्रश्न होता तसा फळ्यावर चौथा म्हणून लिहिला आणि मुलींना सांगितले की काकांचे बरोबर आहे, निवड मीसुद्धा केली. उद्या दोन्ही भाग ऐका आणि मग माझ्याविषयी लिहून आणा. भांडायला काढलेले माझे हत्यार त्यांनी शाळेच्या सामानात जमा करून टाकले, आणि तेही फुकट. माझा खरा राग आहे तो यावर.

तास सुटल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या की यंत्र घ्यायचे ठरले. त्यांना मघापर्यंत ही चैन वाटत होती, आता वाटत नाही. मी लगेच रीळ परत मागितले. बाई हळूच म्हणाल्या की कोरे रीळ मुंबईहूनसुद्धा मागवता येईल, हे कुठे मिळणार? हे शाळेत राहणार असेल तर यंत्राचा उपयोग, नाही तर शाळेला खरेदीची घाई नाही.

यंत्र विकायचे तर रीळ इथे ठेवायचे, आणि दरवर्षीच्या नववीने मला बायकोवर ओरडताना ऐकायचे. रीळ न्यायचे तर यंत्रही न्यायचे, आणि दिवाळीला दुकानात जुनेच पंखे. मी वाटेत ठरवलेला भाव डोक्यातून पुसून टाकला.

मी म्हणालो, "रीळ ठेवा. पण भावात एक पैसा कमी होणार नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या की शाळेला सगळेच सूट देतात.

"सगळ्यांची बायको तुमच्या कपाटात राहते का?"

त्यांनी बाईंकडे पाहिले, बाईंनी छत्रीकडे. पूर्ण भाव मिळाला. शाळेला पूर्ण भावात माल विकलेला दुकानदार धरमपेठेत दुसरा दाखवा.

घरी येऊन बायकोला सांगितले की यंत्र गेले, उद्या माल भरायला जातो. मग रिळाचेही सांगावे लागले. आता ही आकांत करणार, म्हणून मी आधीच आवाज चढवून ठेवला होता. तिने तवा उतरवला.

"पोरी हासल्या?"

"हसल्या ना."

"कोनावर? माह्यावर का तुमच्यावर?"

मी म्हटले, माझ्यावर.

"मंग राहू द्या तिथंच," ती म्हणाली, आणि मला जेवायला वाढले.