थोरल्या साडूंची नाडी

अख्ख्या गारखेड्यात स्वतःच्या नाडीवर इतकं आंधळं प्रेम करणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. माझे थोरले साडू बायकोचा वाढदिवस विसरतात, पण सकाळी उठल्याउठल्या आपलं हृदय मिनिटाला किती वेळा धडधडलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. पन्नाशीपर्यंत हा गृहस्थ कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंतही स्कूटरवर जायचा. मग एका डॉक्टरनं रक्तदाब मोजून भुवया उंचावल्या म्हणे, आणि साडू जे पळत सुटले ते अजून थांबलेले नाहीत.

नुसते पळाले असते तर माझी काही हरकत नव्हती. पण ते पळण्यावर बोलतात. मनगटावरचं ते पाटीएवढं घड्याळ माझ्या नाकाशी धरून म्हणतात, "पाव्हणं, पहिल्या महिन्यात क्रांती चौकापर्यंत पळालो की नाडी एकशे सत्तर! आज तेवढंच अंतर, तोच वेग, अन् एकशे चाळीस! का? शरीराला कळलंय, याच्या मागं वाघ लागलेला नाय, हा रोजचाच येडा हाये. मग ते अ‍ॅड्रेनालिन कमी सोडतं." या एका वाक्यापुरतं त्यांच्या शरीराशी माझं पूर्ण एकमत आहे. सोयगावला पुतण्याच्या लग्नात यांनी अंतरपाट धरायच्या आत नवरदेवाचं मनगट पकडलं आणि भर मांडवात जाहीर केलं, "एकशे वीस! उभ्या उभ्या! पोरगं लई घाबरलंय." नवरीकडच्यांना वाटलं, मुलाला हृदयविकार आहे. त्यांची समजूत काढण्यात मुहूर्त टळला, आणि हे महाशय मांडवामागं जागच्या जागी उड्या मारत होते.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी सासूबाईंना भेटायला साडूंकडे गेलो होतो. त्या तिथंच राहतात, चौथ्या मजल्यावर. बोलता बोलता त्यांना एकदम धाप लागली, ओठ काळेनिळे पडले. लिफ्ट बंद. मी फोन शोधत होतो, तोवर साडूंनी त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि जिना उतरायला लागले. मी मागून सासूबाईंची फाइल आणि चपला घेऊन धावलो, आणि एवढ्या ओझ्यानंच मला कठड्याला धरावं लागलं. तळमजल्यावरच्या चाचांनी गाडी काढली. "पहले बैठो, बातां बाद में," ते म्हणाले. दहा मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो.

सासूबाईंना आत नेलं आणि आम्ही बाकावर बसलो. साडू घड्याळाकडे बघत नव्हते, म्हणून मीच बघितलं. एकशे अडतीस. सवयीनं माझी जीभ वळवळली. "काय हो साडू, वाघ कुठंय? बसल्याजागी एवढी नाडी?"

त्यांनी घड्याळावर तळहात ठेवला.

"बसून वाट बघायचा सराव होत नाय, पाव्हणं," ते हळू म्हणाले. मग भिंतीकडे बघत, "आमच्या आईलाबी असंच उचललं होतं. तेव्हाबी लिफ्ट बंदच होती. दुसऱ्या मजल्यावर दम लागून मी बसलो. तिला मांडीवर घेऊन बसलो. लोक येईपर्यंत उशीर झाला."

त्यांची आई गेल्याचं मला माहीत होतं. मी दहाव्याला जेवूनही आलो होतो. कशी गेली, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं. रक्तदाबाची गोष्ट त्यांनी आम्हाला सांगण्यासाठी ठेवली होती, एवढंच. मी त्यांचा हात हातात घेतला.

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई आठवड्यानं घरी आल्या. साडू अजूनही दारात आलेल्या प्रत्येकाला धरून सकाळच्या धावेचा हिशेब ऐकवतात, आणि मी अजूनही कंटाळून जांभया देतो. पण त्या चार मजल्यांबद्दल ते आजवर कुणाजवळ चकार शब्द बोललेले नाहीत. सासूबाईंना तर वाटतं, आपण त्या दिवशी चालतच खाली उतरलो.