नाचरी घोडी
ताशा शेकायला कागद पेटवला की त्या धुरात मला आमची घोडी दिसते. वरातीत ती नाचायची, अन् रविवारी घरची सगळी आळीपाळीनं तिच्यावर बसून टेमघरपर्यंत फिरून यायचो. एकदा कामतघरच्या गटारात तिचा पाय मोडला. पाय जुळायचा न्हाय म्हणून जनावरांचा डॉक्टर तिला कायमचं झोपवायची सुई घेऊन आला. तेवढ्यात शेजारच्या लग्नाचा ताशा वाजला, अन् घोडी धडपडत उठून मोडका पाय तालावर उचलायला लागली. "बाबा, नाचतेय बघा! बरी झाली!" माझी लहान पोरगी ओरडली. डॉक्टरचा हात थांबला. "मग टाळ्या वाजव की," मी पोरीला म्हणालो, अन् डॉक्टरला मानेनं खूण केली. टाळ्या चालू असतानाच घोडी कोसळली. मी बरोबरच केलं, आजही सांगतो. पोरगी मात्र लग्नानंतर माझ्या घरचं पाणी पीत न्हाय.